शिआनची मंदिरे: कुठे तिकीट काढावे, कुठे नुसते बसावे

शिआनच्या सहलीचा साचा ठरलेला आहे. एक दिवस मातीच्या सैनिकांचा, दुसऱ्या दिवशी तटबंदीवर सायकल, संध्याकाळी मुस्लिम गल्लीत खादाडी आणि या सगळ्यात कुठेतरी दोन तास ‘मोठ्या हंस पॅगोडा’साठी. त्या दोन तासांत लोक मनोऱ्याखाली फोटो काढतात, कारंजे पाहतात आणि निघतात. शाळेच्या इतिहासात ज्या युआन श्वांगवर दोन मार्कांचा प्रश्न यायचा, त्याची ही कामाची जागा, हे बऱ्याच जणांना बसमध्ये परत बसल्यावर कळते.

शिआन म्हणजे जुने चांगआन. कुमारजीव, युआन श्वांग, इत्सिंग, वज्रबोधी, अमोघवज्र ही सगळी नावे या एका शहरात येऊन थांबतात. ज्या देवळांत त्यांनी संस्कृत पोथ्या चिनीत आणल्या, त्यांतली बरीचशी देवळे मेट्रोच्या अंतरावर आहेत. पण सगळी सारख्या मोलाची नाहीत. काही ठिकाणी इमारत पाहायला मिळते, काही ठिकाणी देऊळ. हा फरक ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. गुडघे टेकायच्या गाद्यांचे कापड मध्यभागी झिजलेले आहे का? धूपदानातली राख ताजी आहे का? दुपारी चारच्या सुमारास, पाठ म्हणताना वाजवायच्या लाकडी माशाचा टकटक आवाज ऐकू येतो का? आणि फलकावर पुढच्या चांद्र तिथीच्या विधीची चिठ्ठी लावली आहे का? चारही उत्तरे ‘हो’ आली, तर तिथे बसायला वेळ ठेवावा.

आधी मोठ्या मनोऱ्याचे. दायान मनोरा, म्हणजे तोच मोठा हंस पॅगोडा, दा त्स-एन मंदिराच्या आवारात आहे. मेट्रोच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या मार्गांवर दायानथा नावाचेच स्थानक आहे. ६४८ मध्ये युवराज ली च, म्हणजे पुढचा सम्राट गाओत्सोंग, याने आईच्या स्मरणार्थ हे मंदिर बांधले. तेव्हा त्यात १३ चौक आणि १,८९७ खोल्या होत्या. आजचे आवार त्याचा एक तुकडा आहे. युआन श्वांग ६४५ मध्ये भारतातून परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. ते आगीपासून आणि चोरांपासून सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये मनोरा उभा राहिला. त्याला दगडी मनोरा हवा होता, पण विटांवर भागवावे लागले. आत माती आणि बाहेर विटा असा तो पाच मजली मनोरा पन्नास वर्षांतच ढासळायला लागला, मातीत गवत उगवले. आज दिसतो तो ७०१ ते ७०४ मध्ये सम्राज्ञी वू चतिएनच्या काळात नव्याने बांधलेला, पुढे मिंग काळात (चौदावे ते सतरावे शतक) बाहेरून विटांचे आणखी एक कवच चढवलेला, सात मजली, साडेचौसष्ट मीटर उंचीचा. भूजल उपशामुळे तो वायव्येकडे कललेला आहे. १९९६ मध्ये कलणे मीटरभराच्या पुढे गेले होते. विहिरींवर बंधने आल्यावर ते हळूहळू थोडे कमी झाले. नुसत्या डोळ्यांना कलणे दिसावे म्हणून पूर्वेच्या बाजूला उभे राहून जवळच्या दिव्याच्या खांबाशी मनोऱ्याची कड ताडून पाहावी.

तिकिटे दोन आहेत, हे दारातच समजून घ्यावे. एक मंदिराच्या आवाराचे, दुसरे मनोऱ्यात चढायचे, आणि हे दुसरे आत गेल्यावर मनोऱ्यापाशी मिळते. दोन्ही मिळून शंभर युआनच्या आत काम होते. चढायचे का? अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, लाकडी आणि अरुंद, आणि सुट्टीच्या दिवशी रांग प्रत्येक मजल्यावर खोळंबते. वरच्या झरोक्यांतून उत्तरेकडे यानथा रस्ता सरळ तटबंदीच्या दिशेने जाताना दिसतो. शहराची तांग काळातली (सातवे ते दहावे शतक) चौकटीदार आखणी कशी असेल याचा अंदाज तिथून येतो. ताडपत्रावरची पोथीही आत ठेवलेली आहे. धुरकट दिवस असेल, आणि हिवाळ्यात तो बहुतेकदा असतोच, तर चढायचे पैसे वाया जातात.

खरा ऐवज तळाशी आहे आणि त्याला मनोऱ्याचे तिकीट लागत नाही. दक्षिण दाराच्या दोन बाजूंना कोनाड्यांत दोन शिळा आहेत, ६५३ सालच्या. एकीवर सम्राट ताइत्सोंगने अनुवादित ग्रंथांना लिहिलेली प्रस्तावना, दुसरीवर युवराज असताना गाओत्सोंगने लिहिलेला लेख. अक्षर चू स्वेलियांगचे. चिनी सुलेखन शिकणारे आजही हे अक्षर गिरवतात. नंतर पश्चिम दाराकडे जावे. तिथल्या दगडी कमानपट्टीवर रेघांनी कोरलेले एक बौद्ध सभागृह आहे: खांब, तुळया, छताचा उतार, सगळे तपशिलात. तांग काळातल्या लाकडी इमारती फारच थोड्या उरल्या असल्याने वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना ही पट्टी सोन्याहून मोलाची वाटते. गर्दी तिच्याकडे पाठ करून फोटो काढत असते.

नाव ‘हंस’ का? युआन श्वांगने मगधातल्या एका हंस स्तूपाची गोष्ट लिहून ठेवली आहे. भिक्षूंना मांस मिळेना, एकाने आकाशातल्या हंसांकडे पाहून थट्टा केली आणि थव्यातला एक हंस खाली पडून मेला. भिक्षू वरमले आणि त्याच्यावर स्तूप बांधला. तेच नाव इकडे आले.

मराठी वाचकाला मागच्या बाजूचे युआन श्वांगचे दालन सोडू नये असे सांगावेसे वाटते. त्याच्या आयुष्याचे प्रसंग भिंतींवर उठावात आहेत, काम अलीकडचे आहे आणि थोडे गुळगुळीत आहे, पण प्रवास समजतो. ६४१ च्या सुमारास तो आपल्याकडे येऊन गेला. त्याच्या चिनी लेखनात ‘मोहोलाचा’ असे जे उच्चारले जाते, ते महाराष्ट्र. राजा पुलकेशी, हर्षालाही तो नमवता आला नाही. लोक स्वाभिमानी, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत आणि सूड घ्यायच्या आधी समोरच्याला कळवतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा होत नसे, बायकांची वस्त्रे पाठवत. शंभराहून अधिक विहार, पाच हजारांवर भिक्षू. पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या विहाराचे वर्णन बहुतेक अभ्यासक अजिंठ्याचे मानतात. दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचेही त्याने नोंदवले आहे. हे सगळे त्याने शिआनला परतल्यावर सम्राटासाठी लिहून काढले. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्याखालचे हत्ती पाहिले असतील, तर या दालनात पाच मिनिटे जास्त जातील.

निर्णय: आवाराचे तिकीट जरूर काढावे, मनोऱ्याचे फक्त आकाश स्वच्छ असेल तर. भिक्षू राहतात, विधी होतात, पण गर्दीत देऊळपण बुजते. सकाळी दार उघडताच जावे किंवा शेवटच्या तासात. दुपारी हानफू, म्हणजे जुना चिनी पोशाख, भाड्याने घालून फोटो काढणाऱ्यांचे राज्य असते. दक्षिणेच्या दातांग पादचारी रस्त्यावर संध्याकाळी चालायलाही जागा नसते.

धाकटा हंस मनोरा, शियाओयान, सगळ्या शहरातला सर्वांत सुखद परिसर आहे. पण ते चालते देऊळ आता नाही, ते उद्यान आणि संग्रहालय आहे, हे धरूनच जावे. नानशाओमेन स्थानकावर, मार्ग २ किंवा ५. आवार आणि शिआन संग्रहालय मोफत, पासपोर्टवर नोंदणी करावी लागते आणि मंगळवारी बंद असते. सहल कंपन्यांचे वेळापत्रक हा मंगळवार विसरते. आपण विसरू नये. मनोरा ७०७ ते ७०९ चा, च्यानफू मंदिराचा. इत्सिंग ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला आणि ६९५ मध्ये परतला, त्याने पुढे इथे अनुवाद केले. मुळात १५ मजले होते, आता १३ आहेत आणि उंची ४३ मीटर. वरचे दोन १५५६ च्या भूकंपात गेले. त्या भूकंपात आठ लाखांवर माणसे गेल्याची नोंद आहे. त्याआधी १४८७ च्या भूकंपात मनोरा वरपासून खालपर्यंत फुटभर उकलला आणि १५२१ च्या भूकंपात ती भेग परत मिटली, असे दाराच्या दगडावर कोरलेले आहे. भेग मिटवणाऱ्या भूकंपाचे श्रेय देवाला द्यायचे की खालच्या पक्क्या पायाला, हे ज्याचे त्याने ठरवावे. स्थापत्य अभियंते पाया म्हणतात.

इथे ११९२ ची मोठी लोखंडी घंटा आहे आणि पैसे भरून वाजवता येते. बाकी कुठल्याही मंदिरात मात्र आपली सवय आवरावी. आपल्याकडे देवळात शिरताना हात आपोआप घंटेकडे जातो. चिनी मंदिरात घंटा पहाटेची वेळ सांगते आणि नगारा संध्याकाळची. पाहुण्याने मधेच वाजवली तर सगळे वळून पाहतात.

आता ज्या देवळासाठी हे सगळे लिहायला घेतले ते. दाशिंगशान. शियाओचाय स्थानकावर उतरायचे, मार्ग २ आणि ३. वर आलात की मॉल, चहाची दुकाने, कॉलेजची पोरे. त्या गजबजाटातून पाच-सात मिनिटे चालले की भगव्या-पिवळ्या भिंती लागतात. प्रवेश मोफत. मंदिराची परंपरा तिसऱ्या शतकापर्यंत मागे जाते. ५८२ मध्ये स्वे राजवटीने नवी राजधानी दाशिंग वसवली, तिचे नाव आणि इथल्या चिंगशान वस्तीचे शेवटचे अक्षर मिळून आजचे नाव झाले. नरेंद्रयश, ज्ञानगुप्त यांनी इथे अनुवाद केले. आठव्या शतकात शुभकरसिंह, वज्रबोधी आणि अमोघवज्र या तिघांनी तांत्रिक बौद्ध पंथ चीनमध्ये रुजवला आणि अमोघवज्राचे मुख्य ठाणे हेच होते. जुन्या इमारतींपैकी काही उरलेले नाही. जे आहे ते मिंग-छिंग काळातले आणि त्यानंतरचे. म्हणून मार्गदर्शक पुस्तके त्याला दोन ओळी देतात आणि पुढे जातात. त्यांची चूक आहे.

इथे चारही खुणा जुळतात. दुपारी विशीतली मुले-मुली पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन येतात, तीन काड्या लावतात, गुडघे टेकतात आणि पुन्हा ऑफिसला जातात. नोकरी, परीक्षा, लग्न: मागणी आपल्या सिद्धिविनायकाच्या रांगेतलीच. फरक इतकाच की इथे रांग नसते, पुजारी मध्ये नसतो आणि हार-नारळ नसतो.

चिनी मंदिराची रचना एकदा इथे समजून घेतली की मग देशभर तीच कामाला येते. दक्षिणेच्या दारातून आत गेलात की पहिले दालन चार लोकपालांचे. मधोमध हसरा, ढेरपोट्या मैत्रेय. आपल्याकडे दुकानात मिळणारा ‘लाफिंग बुद्ध’ तो हाच, गौतम बुद्ध नव्हे. त्याच्या पाठीशी, उत्तरेकडे तोंड करून, चिलखत घातलेला वेतो उभा असतो. हा स्कंद म्हणजे आपला कार्तिकेय, इथे धर्माचा पहारेकरी. त्याची गदा कशी धरली आहे ते पाहावे. खांद्यावर असेल तर फिरत्या भिक्षूंना इथे मुक्काम मिळतो, जमिनीला टेकलेली असेल तर मिळत नाही, असा जुना संकेत सांगितला जातो. त्यानंतरचे मुख्य दालन ‘महावीराचे’ म्हणजे महान वीराचे. जैन वाचकांनी गोंधळू नये, हे बुद्धाचेच विशेषण. मध्ये शाक्यमुनी, बाजूला म्हातारा काश्यप आणि तरुण आनंद, भिंतींशी अठरा अर्हत. ग्वानयिन दिसेल तो अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहिलेल्याला हे नाते लगेच लागते; तिकडे तो पुरुष आहे, इकडे शतकानुशतकांत त्याची माउली झाली.

उंबरा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. मधल्या दाराने नव्हे, बाजूच्या दाराने आत जायचे. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवा हात मूर्तीकडे ठेवून. दालनाच्या आत मूर्तींचे फोटो काढायचे नाहीत. बाहेरून आवाराचे चालतात. भिक्षूंना ‘शिफू’ म्हणावे, हात जोडून ‘अमिथोफो’ म्हटले की नमस्कार पोहोचतो.

धूप लावताना लोक हमखास तीन चुका करतात. पहिली, गठ्ठा विकत घेणे. तीन काड्या पुरतात आणि बऱ्याच मंदिरांत त्या दाराशीच मोफत मिळतात. बाहेरचा धूप आत नेऊ देत नाहीत. दुसरी, ज्योत फुंकून विझवणे. तोंडाची फुंकर अपमान समजतात. हाताने वारा घालावा किंवा काडी हलवून विझवावी. तिसरी, पेटता धूप घेऊन दालनात शिरणे. धूप बाहेरच्या मोठ्या धूपदानात लावायचा, नमस्कार आत करायचा. काड्या एकेक करून सरळ रोवाव्यात, डाव्या हाताने. गर्दीच्या दिवशी शेजाऱ्याच्या काडीने बाही जळते, म्हणून पॉलिएस्टरचे जॅकेट घालून धूपदानाशी जाऊ नये.

गर्दीचे दिवस ओळखायला घरचे कालनिर्णय चालते. चिनी महिनाही आपल्यासारखा अमावास्येपासून मोजतात, म्हणून त्यांची पंधरावी तिथी म्हणजे आपली पौर्णिमा आणि पहिली म्हणजे अमावास्या किंवा तिचा दुसरा दिवस. या दोन दिवशी सगळी मंदिरे भरतात. बुद्धजन्म ते चौथ्या महिन्याच्या अष्टमीला करतात, म्हणजे बहुधा आपल्या बुद्धपौर्णिमेच्या आठवडाभर आधी. अधिक मास वेगवेगळे पडले की महिन्याचाही फरक होतो. बुद्धपौर्णिमेला शिआनमध्ये सोहळा पाहू अशा बेताने तिकिटे काढणाऱ्यांनी हे आधी जुळवून पाहावे. त्या दिवशी बालबुद्धाच्या छोट्या मूर्तीवर पळीने पाणी घालतात, आपल्या पाळण्याच्या जवळ जाणारा प्रकार. बाराव्या महिन्याच्या अष्टमीला, डिसेंबर-जानेवारीत, धान्ये आणि सुका मेवा घालून शिजवलेली लापशी फुकट वाटतात. रांगेत पहाटे उभे राहावे लागते आणि डबा आपला न्यावा.

दाशिंगशानला पूर्ण गुण. एक तास ठेवावा, दुपारी साडेतीनला पोहोचावे, संध्याकाळच्या पाठाच्या वेळी मागे उभे राहून ऐकावे. शब्द कळत नाहीत. पण धारणी, म्हणजे संस्कृत मंत्र, सुरू झाल्या की संस्कृतचा घसा ओळखू येतो.

तिथून मार्ग ३ वर दोन स्थानके सोडून पुढे छिंगलोंग मंदिर, स्थानकाचे नाव छिंगलोंगस. मार्ग ५ नेही येता येते. अमोघवज्राचा शिष्य हुइगुओ, त्याचा शिष्य जपानचा कुकाई. कुकाई ८०४ मध्ये चांगआनला पोहोचला, ८०५ मध्ये इथे त्याला अभिषेक मिळाला आणि काही महिन्यांत गुरू वारला. जपानच्या शिंगोन पंथात आजही अग्नीत समिधा टाकून जो ‘गोमा’ करतात तो आपला होम. तो या दारातून तिकडे गेला. म्हणून जपानी यात्रेकरू इथे येतात आणि जपानच्या शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेत या मंदिराला ‘शून्यावे’ स्थान आहे. कुकाईचे स्मारक १९८२ चे आहे. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जपानने दिलेली चेरीची झाडे फुलतात आणि मग धक्के खात फिरावे लागते. इतर वेळी रिकामे. बांधकाम नवे, मोठे, थोडे बागेसारखे. ज्यांना कुकाईची गोष्ट ठाऊक नाही त्यांना इथे पाहण्यासारखे फार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

या चार ठिकाणांचा एक दिवस नीट जमतो: सकाळी दायान, मग छिंगलोंग, दुपारी मेट्रोने नानशाओमेनला जाऊन धाकटा मनोरा, आणि तिथून मार्ग २ ने दोन स्थानकांवरच्या शियाओचायला उतरून दाशिंगशानचा चारचा पाठ. उलट क्रमाने केले की पाठ चुकतो आणि दायानला ऐन गर्दी मिळते.

ग्वांगरेन वेगळ्या चवीचे. तटबंदीच्या आतल्या वायव्य कोपऱ्यात, १७०५ मध्ये खांगशी सम्राटाने बांधलेले तिबेटी पद्धतीचे मंदिर. मुख्य देवता हिरवी तारा. तुपाचे दिवे, प्रार्थनाचक्रे, रंगीत पताका. लडाखला जाऊन आलेल्यांना नवे काही नाही, बाकीच्यांनी तासभर द्यावा. तटबंदीवर सायकल चालवताना वरूनही छपरे दिसतात.

बौद्ध मंदिरांपुरतेच थांबले तर शहर अर्धेच कळते. घंटामनोऱ्याजवळच्या हुआच्युए गल्लीतली मोठी मशीद शिआनमधल्या कुठल्याही धर्माच्या इमारतींत पहिल्या दोनांत ठेवावी लागेल. स्थापना ७४२ ची सांगतात, आजचा आराखडा मिंग काळातला, १३९२ चा. चिनी देवळाचे तोंड दक्षिणेला असते. हिचे आवार पूर्व-पश्चिम आहे, कारण प्रार्थना मक्केच्या दिशेने. घुमट नाही, उंच मिनार नाही. बांगेचा मनोरा म्हणजे अष्टकोनी चिनी मंडप. एकामागे एक चौक, कोरीव विटा, शेवटी निळ्या छपराचे प्रार्थनागृह, ज्याच्या आतल्या लाकडी फळ्यांवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे. मुस्लिमेतरांना प्रार्थनागृहात प्रवेश नाही, दारातून पाहता येते. हंगामात तिकीट २५ युआनच्या आसपास. शुक्रवारची दुपार टाळावी. गल्लीतल्या दुकानांत मशिदीचे दार हरवते. ‘प्राचीन’ नाण्यांच्या टोपल्यांकडे न पाहता सरळ पुढे जावे.

दक्षिण दाराजवळच्या शिलालेखांच्या वनात, बेइलिन संग्रहालयात, ७८१ चा सीरियाई ख्रिस्ती शिलालेख आहे. संग्रहालयच मुळी जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात. माथ्यावर क्रूस, क्रुसाखाली कमळ, तळाशी सीरियाई लिपीत नावे. मजकूर लिहिणारा भिक्षू आदम, चिनी नाव चिंगचिंग. याच आदमने भारतातून आलेल्या प्रज्ञ नावाच्या बौद्ध भिक्षूसोबत एका सूत्राचा अनुवाद केला होता. आदमला ना संस्कृत येई ना बौद्ध मत, आणि प्रज्ञाला अजून चिनी येत नव्हती. सम्राटाने तो अनुवाद परत पाठवला आणि दोघांनी आपापला धर्म सांभाळावा असे सुनावले. हा प्रज्ञ पुढे कुकाईला संस्कृत शिकवत होता. या शिळेसमोर गाईड दीड मिनिट थांबतात. आपण गटातून मागे राहावे.

पूर्व दाराबाहेर ताओ पंथाचे अष्ट सिद्धांचे मंदिर आहे, मार्ग १ वरच्या छाओयांगमेन स्थानकापासून चालत. मंदिर चांगले, गल्ली बेरकी. हात पाहणारे, चेहरा वाचणारे बसलेले असतात. मनगटात मणी अडकवून मग पैसे मागणारे, डोके भादरलेले ‘भिक्षू’ शहरात कुठेही भेटतात. चालत्या मंदिरातला भिक्षू रस्त्यावर पैसे मागत नाही. दान द्यायचे तर आतल्या पेटीत. क्यूआर कोड लावलेला असतोच.

शहराबाहेरच्या तीन मंदिरांपैकी शिंगच्याओला आधी जावे. दक्षिणेला वीसेक किलोमीटर, शेतांच्या वरच्या पठारावर. ६६९ मध्ये युआन श्वांगच्या अस्थी इथे आणल्या. त्याचा मनोरा पाच मजली, दोन बाजूंना शिष्यांचे तीन-तीन मजली: क्वेइची आणि कोरियाचा वोनचुक. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत दोन हंस मनोऱ्यांसोबत हे तीन मनोरेही आले. त्याआधी २०१३ मध्ये यादीसाठी मंदिराच्या नव्या इमारती पाडायचा घाट घातला गेला होता. भिक्षूंनी आणि लोकांनी आवाज उठवल्यावर तो बारगळला. म्हणून आजही तिथे कपडे वाळत असतात, भाजीचे वाफे असतात आणि खालून मंत्र ऐकू येतात. एकच अडचण: परतीची गाडी मिळत नाही. येतानाच टॅक्सीवाल्याशी थांबायचा दर ठरवून घ्यावा, तासाभरापुरता.

त्साओथांग आणखी दूर, नैर्ऋत्येला. ४०१ मध्ये चांगआनला आणलेल्या कुमारजीवाचा छोटासा, रंगीत दगडांचा स्तूप तिथे आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्राचा त्याचा अनुवाद ४०६ चा, चीन-जपानमध्ये आजही तोच म्हणतात. वेड असेल तरच जावे.

फामेन शंभरावर किलोमीटर पश्चिमेला, पूर्ण दिवस खाते. १९८१ मध्ये पावसात जुना मनोरा अर्धा उभा चिरला, दुरुस्तीसाठी खणताना १९८७ मध्ये तळघर उघडले आणि बुद्धाच्या बोटाचे म्हणून पूजलेले अस्थिधातू, तांग सम्राटांनी अर्पण केलेली सोन्याचांदीची भांडी, काच, रेशीम असे सारे हाती लागले. ते संग्रहालय अव्वल. शेजारी २००९ मध्ये जोडलेल्या हातांच्या आकाराची १४८ मीटर उंच इमारत आणि तिच्याकडे जाणारा सव्वा किलोमीटरचा रुंद रस्ता झाला, दोन बाजूंना सोनेरी मूर्ती. विमानतळाच्या धावपट्टीवर यात्रा भरवल्यासारखे वाटते. उन्हाळ्यात सावली नाही. विजेच्या गाडीचे वेगळे पैसे द्यावेत आणि वाचलेला वेळ संग्रहालयाला द्यावा. अस्थिधातू रोज दाखवत नाहीत, निघण्याआधी हॉटेलमधून फोन करून विचारून घ्यावे.

सगळीकडे लागू होणाऱ्या दोन गोष्टी. मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, झेरॉक्सवर नोंदणी होत नाही. आणि अलीपे किंवा वीचॅटला आपले कार्ड भारतातूनच जोडून, ओळख पडताळणी करून निघावे. तिथे पोहोचल्यावर बँकेचा ओटीपी येईलच असे नाही आणि तिकीट खिडकीसमोर माणूस अडकतो. नकाशासाठी गूगलऐवजी चिनी आमॅप वापरावा, आणि मंदिरांची नावे चिनी अक्षरांत फोनमध्ये साठवून ठेवावीत. उच्चारावरून टॅक्सीवाल्याला काही समजत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

जेवणाचे मात्र सविस्तर सांगायला हवे. शाकाहारी माणसाचे शिआनमध्ये हाल होतात असे ऐकिवात असते. मंदिरांच्या आसपास तसे नाही. शब्द एकच, ‘सू’. ‘वो च्र सू’ म्हणजे मी शाकाहारी. मंदिरातल्या किंवा त्याजवळच्या ‘सू’ खानावळीत मांस, मासे, अंडे नसते. ‘कोंबडी’, ‘बदक’ अशी नावे दिसली तरी ते सोयाबीन, गव्हाचे ग्लुटेन आणि अळंबीचे बनवलेले असते, घाबरू नये. रस्त्यावर मात्र ‘मांस नाही’ म्हणून दिलेल्या नूडल्सचे पाणी हाडांचे असू शकते. सुरक्षित पदार्थ म्हणजे ल्यांगफी, तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या थंड पट्ट्या, व्हिनेगर आणि तिखट तेल घातलेल्या. आणि चंगगाव, चिकट तांदूळ आणि खजुरासारखी बोरे थर लावून तासन् तास वाफवलेली. तिखट तेल ओतलेल्या रुंद नूडल्स मागताना वर कीमा घालू नका असे आधीच सांगावे, ताट आल्यावर नव्हे.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना तर मंदिराची खानावळ म्हणजे माहेर. चिनी भिक्षूंना पाच उग्र गोष्टी वर्ज्य आहेत: लसूण, कांद्याचे तीन प्रकार आणि पाचवी ‘शिंगछू’. ही पाचवी चिनी स्वयंपाकात फारशी दिसत नाही, म्हणून भल्याभल्यांना ती काय ते माहीत नसते. शब्द संस्कृतातून गेला आहे: हिंगू. आपल्याकडे कांदा-लसूण टाळला की फोडणीत जो हिंग पडतो, तोच तिकडे कांद्याच्या पंगतीत बसवलेला आहे. बटाटा आणि गाजर चालतात, म्हणून कट्टर जैन पाहुण्यांनी विचारूनच घ्यावे. आणि वरणभातावाचून न राहणाऱ्यांनी मंदिराच्या जेवणघरात बसताना हिंगाची डबी पिशवीतच ठेवावी.